पेन्शनीत निघालेली माणसे : महाराष्ट्रातील म्हातारपणाच्या आधाराचा इतिहास

वृद्धापकाळातील सुखाविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते, त्यात एक गृहीत हमखास आढळते. पूर्वी एकत्र कुटुंब होते, घरात वडीलधाऱ्यांचा शब्द चालत असे, नातवंडांच्या गराड्यात म्हातारपण सरत असे, आणि पुढे शहरे, फ्लॅट व परदेशातील नोकऱ्या आल्यावर हे सारे विस्कटले, असे ते गृहीत होय. लोकसंख्येचा इतिहास त्याला फारसा दुजोरा देत नाही. १९०१ ते १९११ या दशकात हिंदुस्थानातील सरासरी आयुर्मान अवघे २३ वर्षांच्या आसपास होते. आयुर्मान म्हणजे जन्मलेल्या बालकाने सरासरी किती वर्षे जगावे याचा अंदाज. त्यात अर्भकमृत्यू धरलेले असल्यामुळे बालपण ओलांडलेला माणूस पन्नाशी-साठी गाठू शकत असे हे खरे, परंतु पटकी, प्लेग, दुष्काळ, १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आणि लागोपाठची बाळंतपणे यांतून तावून सुलाखून निघालेली तीन पिढ्यांची माणसे एकाच छपराखाली दीर्घकाळ नांदण्याचा योग थोड्याच घरांच्या वाट्याला येई. समाजशास्त्रज्ञ अरविंद शहा यांनी गुजरातमधील जुन्या घरगणतीच्या आधारे १९७३ साली हाच मुद्दा मांडला होता की, भारतीय समाज एकत्र कुटुंबाकडून विभक्त कुटुंबाकडे सरळ रेषेत गेला, हे चित्र कागदपत्रांतून सिद्ध होत नाही.

मग जी थोडी माणसे म्हातारी होत, त्यांचे दिवस बरे जात की वाईट, हे कशावर ठरत असे? महाराष्ट्रापुरते पाहिले तर, मुलांच्या मायेइतकेच आणि पुष्कळदा तिच्याहून अधिक, म्हाताऱ्या माणसाच्या स्वतःच्या हातात हक्काचे काय होते यावर ते ठरत आले आहे. हे हक्काचे काही शतके वतन होते, नंतर काही काळ इनाम होते, आणि गेल्या दीडशे वर्षांत त्याची जागा पेन्शनीने घेतली. या शेवटच्या बदलाने ‘पेन्शनर’ नावाचा एक नवा माणूस मराठी समाजात निर्माण केला, ज्याचा इतिहास स्वतंत्रपणे क्वचितच सांगितला जातो.

पेशवाईतील गावगाड्यात म्हातारपणाची सोय व्यक्तीच्या नावाने नव्हती, ती घराण्याच्या नावाने होती. वतन म्हणजे गावातील ठरावीक काम आणि त्याबद्दल मिळणारे वंशपरंपरेचे उत्पन्न व मान. पाटील वयाने थकला की चावडीचे काम मुलगा पाहू लागे, पण सणावाराचा पहिला मान हयातीपर्यंत वृद्ध पाटलाचाच राही. सुतार, लोहार, कुंभार या बलुतेदारांना सुगीच्या वेळी खळ्यावर मिळणारे धान्य, म्हणजे बलुते, घराला मिळे. त्यामुळे हात थरथरू लागलेल्या सुताराचे पोट त्याच्या वासल्यावर अवलंबून नसे, वतन घरात टिकण्यावर असे. पण या सुरक्षिततेचे कौतुक जपूनच केले पाहिजे. ज्या व्यवस्थेने पाटलाला बसून मान दिला, तिनेच वतनदार महाराला वेसकरकी-तराळकीच्या नावाखाली गावाची हरकामे करायला लावले, आणि त्या कामांतून वय झाले म्हणून सुटका होण्याची काही सोय नव्हती. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, ते या बंधनाविरुद्ध होते. ज्याला वतनच नव्हते, त्या उपरी (बाहेरून येऊन कसणाऱ्या) कुळाच्या म्हातारपणाविषयी तर दप्तरे जवळपास मुकीच आहेत.

दरबारी माणसांसाठी निराळी साधने होती. लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांना सरकारातून जी नेमणूक मिळे तिला बालपरवेशी म्हणत. इनाम म्हणजे सारा माफ असलेली जमीन, ती सेवेबद्दल किंवा धर्मकार्यासाठी दिली जाई. सधन घरांत उत्तरायुष्यासाठी क्षेत्री जाऊन राहण्याचीही चाल होती. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई पतीच्या निधनानंतर पुणे सोडून नाशिकजवळ गंगापूर येथे राहिल्या. हे राहणे बाह्यतः विरक्तीचे असले तरी त्यांचा पत्रव्यवहार तसा नव्हता. मुलांना सल्ला देणे, कानउघाडणी करणे आणि नातू सवाई माधवराव गादीवर आल्यावर त्याने दिनचर्या कशी ठेवावी याचा तपशीलवार उपदेश लिहून पाठवणे, हे सारे त्यांनी गंगापुरातूनच केले. तीन मुलांचे मृत्यू पाहिलेल्या या बाईंना सुखी म्हणणे धाडसाचे होईल, परंतु अखेरपर्यंत त्यांच्या शब्दाची कोणीतरी वाट पाहत होते आणि त्यांच्या खर्चाची नेमणूक ठरलेली होती, या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. सामान्य घरातील विधवेचा हक्क मात्र अन्नवस्त्रापुरता, म्हणजे खाणे, लुगडे आणि राहायला कोपरा एवढाच होता, आणि तोही दिराच्या किंवा पुतण्याच्या मर्जीने चाले.

त्या काळातील वयविषयक विधीही एका अर्थाने म्हातारपणाच्या दुर्मिळतेचीच साक्ष देतात. साठाव्या वर्षी उग्ररथ शांत करीत, कारण प्रभव ते क्षय हे साठ संवत्सरांचे चक्र तेव्हा पुरे होऊन जन्माचे संवत्सर पुन्हा येते आणि तो संधिकाल धोक्याचा मानला जाई. सत्तरी-सत्याहत्तरीची भीमरथी शांत आणि ऐंशी वर्षे व सुमारे दहा महिन्यांनी, म्हणजे हजार पौर्णिमा भरल्यावर, सहस्रचंद्रदर्शन हे त्यापुढचे टप्पे होत. या शांतींत मार्कंडेय आणि सप्तचिरंजीवांची पूजा होते, काशाच्या वाटीतील पातळ तुपात यजमानाने आपला चेहरा पाहायचा आणि ती वाटी दान द्यायची असते, आणि शेवटी लेकी-सुना वयाइतक्या दिव्यांनी औक्षण करतात. आज या समारंभाला वाढदिवसाचे रूप आले असले तरी त्याचा मूळ हेतू अरिष्ट टाळण्याचा होता. साठी उलटणे ही अपवादाची, आणि म्हणून थोडी भीतीचीही, बाब होती.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि त्याबरोबर एक नवा व्यवहार महाराष्ट्राला कळला. दुसऱ्या बाजीरावाला ईस्ट इंडिया कंपनीने सालीना आठ लाख रुपये देऊन कानपूरजवळ ब्रह्मावर्त म्हणजे बिठूर येथे नेऊन ठेवले. त्रेचाळिसाव्या वर्षी राज्य गेलेला हा पेशवा त्या नेमणुकीवर ३२ वर्षांहून अधिक काळ जगला आणि १८५१ च्या जानेवारीत वारला. नेमणूक त्याच्या जिवापुरती होती, असे सांगून कंपनीने ती दत्तक पुत्र नानासाहेबाला नाकारली. वतन आणि पेन्शन यांतील मूलभूत फरक येथे स्पष्ट होतो, कारण वतन घराण्याचे असते आणि मरणाने खंडत नाही, तर पेन्शन एका देहाला चिकटलेली असते आणि त्या देहाबरोबर संपते. कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने इतर सरदार, कारभारी व आश्रितांनाही अशा नेमणुका बांधून दिल्या, आणि १८५२ च्या इनाम कमिशनने जुन्या इनामांच्या सनदा तपासण्यास सुरुवात केल्यावर तर हजारो घरांतील पिढीजात आधार एकाएकी संशयास्पद ठरला. ज्यांचे इनाम गेले त्यांच्या मुला-नातवांनी इंग्रजी शिकून कलेक्टर कचेरी, मुन्सफ कोर्ट, शाळाखाते आणि टपालखाते यांत नोकऱ्या धरल्या, आणि जमिनीऐवजी महिन्याच्या पगारावर व पुढे पेन्शनीवर म्हातारपणाची भिस्त ठेवायला ते शिकले.

या नव्या आधाराला कायद्याची चौकट १८७१ च्या पेन्शन कायद्याने मिळाली. तो कायदा आजही अस्तित्वात आहे आणि त्यातील दोन तरतुदी या इतिहासाच्या केंद्रस्थानी येतात. पहिली अशी की, पेन्शनीबाबत दिवाणी न्यायालयात दावा लावता येणार नाही. म्हणजे सरकारने पेन्शन दिली तर ती मेहेरबानी, आणि न दिली तर दाद मागायला जागा नाही. दुसरी तरतूद याच्या अगदी उलट दिशेने जाणारी आहे. पेन्शनीवर सावकाराला जप्ती आणता येत नाही, आणि पुढे मिळायची पेन्शन आधीच कोणाच्या नावे करून दिली तर तो व्यवहार रद्दबातल ठरतो. दख्खनमधील कर्जाचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या का जाळल्या हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या दुसऱ्या तरतुदीचे मोल वेगळे सांगायला नको. शेत गहाण पडत असे, घर लिलावात निघत असे, बायकोचे डाग मोडले जात, पण म्हाताऱ्या कारकुनाची पेन्शन सावकारालाही पोहोचत नव्हती आणि कर्जबाजारी मुलालाही ती आधी विकून खाता येत नव्हती. सरकारपुढे हात पसरणारा हा माणूस घरात मात्र कोणाचा मिंधा नव्हता. पेन्शनरांच्या ताठपणाच्या ज्या कथा मराठी विनोदाने रंगवल्या, त्यांच्या मुळाशी स्वभावापेक्षा कायद्याचे हे कलम अधिक असावे.

पेन्शनीत निघण्याचे वय सर्वसाधारणपणे ५५ ठरले. जर्मनीत बिस्मार्कच्या राजवटीत १८८९ साली कामगारांसाठी वृद्धत्वविमा आला तेव्हा त्याचे वय ७० होते आणि इंग्लंडच्या १९०८ च्या कायद्यातही ७० च होते. हिंदुस्थानातील नोकराला पंधरा वर्षे आधी घरी पाठवले जाई. केंद्र सरकारने हे वय १९६२ च्या अखेरीस ५८ केले आणि १९९८ मध्ये ६० वर नेले, महाराष्ट्र शासनाने बहुतांश नोकरवर्गासाठी ते ५८ च ठेवले. वयाची अशी कायदेशीर रेघ ओढली गेली की जन्मतारीख लागते, आणि खेड्यापाड्यांत ती कोणाला ठाऊक नसे. शाळेत नाव घालताना गुरुजी मुलाच्या उंचीवरून, दातांवरून किंवा आईने सांगितलेल्या दुष्काळ-पुरावरून अदमास बांधत आणि शैक्षणिक वर्षाच्या सोयीने १ जून ही तारीख टाकून देत. महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला नोकर नियमानुसार आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे महाराष्ट्रात दरवर्षी ३१ मे रोजी शाळा, कचेऱ्या आणि एसटी आगारांत निरोपसमारंभांची झुंबड उडत आली आहे. शाल, श्रीफळ, भाषणे आणि गटफोटो यांनी सजलेला हा दिवस उग्ररथ शांतीचा नवा अवतार म्हणता येईल, फरक इतकाच की तो संवत्सराच्या चक्रावर न चालता गुरुजींच्या अंदाजावर चालतो.

पुणे हे पेन्शनरांचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८५८ साली रेल्वे आलेले हे गाव हवेने सुखद, मुंबईच्या मानाने स्वस्त आणि शिक्षणाच्या सोयींनी युक्त होते. पेठांतील वाड्यांत बिऱ्हाड भाड्याने मिळे, आणि पुढे डेक्कन जिमखान्यासारख्या नव्या वस्तीत छोटा बंगला बांधता येई. कोकणातून, कर्नाटकातून, वऱ्हाडातून आणि संस्थानांतून निवृत्त झालेले मामलेदार, हेडमास्तर, पोस्टमास्तर आणि मुन्सफ येथे स्थायिक झाले. त्यांची दिनचर्या बेतलेली असे. सकाळी पर्वती किंवा नदीकाठची रपेट, मग पूजा व जेवण, दुपारी वामकुक्षी, संध्याकाळी १८४८ साली सुरू झालेल्या नेटिव्ह जनरल लायब्ररीत (आजचे पुणे नगर वाचन मंदिर) वर्तमानपत्रे, आणि मे महिन्यात १८७५ पासून चालत आलेल्या वसंत व्याख्यानमालेत पुढच्या रांगेतली खुर्ची. ठरावीक वेळी ठरावीक जागी हजर असणे, आणि एखादे दिवशी न दिसल्यास कोणीतरी घरी चौकशीला येणे, ही या जीवनाची खरी मिळकत होती, असे म्हणावयास हरकत नाही. आज मानसशास्त्र ज्याला सामाजिक सहभाग म्हणते, त्याचे हे पेठी रूप होते.

यांपैकी काहींनी निवृत्तीचा काळ अशा रीतीने वापरला की त्यांचे नोकरीतले आयुष्य ही केवळ प्रस्तावना वाटावी. ग्वाल्हेर संस्थानाच्या न्यायखात्यातून मुक्त झालेले चिंतामणराव वैद्य यांनी महाभारताचा चिकित्सक अभ्यास आणि मध्ययुगीन हिंदुस्थानाचा तीन खंडांतील इतिहास त्यानंतर लिहिला. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयातून १९१४ साली निवृत्त झाले, १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले, सत्तरी ओलांडल्यावर १९२९ ते १९३२ या काळात जगप्रवास करून संस्थेसाठी पैसे जमवले, ७८ व्या वर्षी ग्रामीण प्राथमिक शिक्षण मंडळ आणि ८६ व्या वर्षी समता संघ स्थापन केला, आणि १०४ वर्षांचे होऊन १९६२ साली निधन पावले.

यांत गोविंद सखाराम सरदेसाई यांचे उदाहरण अधिक थांबून पाहण्याजोगे आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या पदरी सुमारे साडेतीन दशके चाकरी करून १९२५ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, ते मोकळे झाले आणि लोणावळ्याअलीकडे कामशेत येथे इंद्रायणीच्या काठी जाऊन राहिले. कामशेत तेव्हा लहानसे स्टेशन होते. तेथे ना ग्रंथालय होते ना विद्वत्सभा. तारुण्यात गेलेल्या मुलाचे दुःख पाठीशी होते. पासष्टाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्याकडे पुण्याच्या पेशवे दप्तरातील निवडक कागद छापण्याचे काम आले, आणि इतिहासकार यदुनाथ सरकार यांच्या सल्ल्याने त्यांनी काही थोड्या वर्षांत, १९३० ते १९३४ च्या दरम्यान, त्याचे ४५ खंड बाहेर काढले. मोडी रुमालांचे ढीग सोडवणे, कागद निवडणे, तारखा जुळवणे, मुद्रिते तपासणे हे काम तरुण माणसालाही थकवणारे आहे. ऐंशी उलटल्यावर, १९४६ ते १९४८ मध्ये, त्यांचा मराठ्यांचा तीन खंडांतील इंग्रजी इतिहास प्रसिद्ध झाला, ९२ व्या वर्षी पद्मभूषण मिळाले आणि १९५९ साली ते वारले. त्यांच्या उत्तरायुष्यात कुटुंबाचा गोतावळा फार नव्हता. ठरावीक मिळकत होती, रोज उठून करायचे काम होते, आणि यदुनाथांसारख्या समवयस्क मित्राशी दशकानुदशके चाललेला पत्रव्यवहार होता. वृद्धांच्या समाधानाची जी कारणे आजचे संशोधक मोठ्या पाहण्यांतून शोधतात, त्यांपैकी बरीचशी कामशेतच्या त्या घरात एकत्र आली होती.

मात्र नामवंतांवरून सर्वांचा अंदाज करणे चुकीचे ठरेल. बहुसंख्य पेन्शनरांनी ना ग्रंथ लिहिले ना संस्था काढल्या. त्यांच्यापुढे महागाईचा प्रश्न होता. पेन्शन रुपयांत बांधलेली असे, आणि दोन्ही महायुद्धांच्या काळात धान्य, कापड व रॉकेल यांचे भाव चढले तेव्हा स्वस्ताईत ठरलेली रक्कम महिनाअखेर पुरेनाशी झाली. त्याहून मोठी उणीव स्त्रियांच्या बाबतीत होती. पेन्शन नवऱ्याच्या जिवाशी बांधलेली असल्यामुळे त्याच्या बाराव्या-तेराव्यानंतर घरातली आवक थांबे, आणि काल घरधनीण असलेली बाई दुसऱ्या दिवशी मुलाची आश्रित होई. केंद्र सरकारने कुटुंबनिवृत्तिवेतनाची व्यापक योजना १९६४ साली आणली तेव्हा कोठे निवृत्त नोकराच्या विधवेला स्वतःच्या नावाने मासिक रक्कम मिळू लागली. मराठी घरांत सासू-सुनांच्या नात्यात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जो बदल झाला, त्याची चर्चा शिक्षण आणि सुधारणा यांच्या अंगाने पुष्कळ झाली आहे, पण टपाल किंवा बँकेच्या पासबुकावर म्हातारीचे नाव आले या साध्या घटनेचा वाटा त्यात किती, हा विषय अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेला दिसतो.

कारखान्यांतील आणि अंगमेहनतीच्या माणसांपर्यंत ही सोय उशिरा पोहोचली. मुंबईच्या गिरण्यांतील कोकणी व घाटी कामगार म्हातारपणासाठी गावाकडच्या घरावर आणि शेताच्या तुकड्यावर विसंबून असत. अंग थकले की बदली कामगार म्हणून मुलाला चिकटवून द्यायचे आणि आपण गाव गाठायचे, ही रीत होती. १९५२ साली भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला आणि पहिल्याच फेरीत कापडधंदा त्यात आला. भविष्यनिर्वाह निधी, ज्याला कामगार नुसते ‘फंड’ म्हणतात, तो मासिक पेन्शन नव्हे. कामगार व मालक यांच्या वर्गणीतून साठलेली ती एकरकमी पुंजी असते, आणि मुलीचे लग्न, घराची कौले किंवा मुलाचा धंदा यांत ती वर्षभरात संपू शकते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने तर अडीच लाखांच्या आसपास कामगारांचे पुढचे सारे हिशेब उलटेपालटे केले. याउलट १९६९ च्या माथाडी कायद्याने रोज वेगवेगळ्या मालकाचे ओझे वाहणाऱ्या हमालाला मंडळामार्फत फंड आणि उपदान (नोकरी संपताना मिळणारी रक्कम) मिळवून दिले. एका मालकाचा नोकर नसलेल्या माणसालाही म्हातारपणाचा हक्क देता येतो, हे या कायद्याने दाखवले, आणि त्याची योग्यता तेवढ्या प्रमाणात ओळखली गेली आहे असे वाटत नाही.

सत्तरच्या दशकात मराठी रंगभूमीने म्हाताऱ्यांचे दुःख मध्यवर्ती केले. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ डिसेंबर १९७० मध्ये आले, आणि काही वर्षांत जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’. पहिल्यात निवृत्तीनंतर सारी मिळकत मुलांत वाटून टाकणारा नट आहे, दुसऱ्यात मुलगा परदेशी असलेले एकाकी जोडपे. पहिल्या नाटकाची चर्चा मुलांच्या कृतघ्नतेच्या अंगाने इतकी झाली की त्यातला आर्थिक धागा दुर्लक्षित राहिला. सरकारी पेन्शनीला १८७१ पासून जे संरक्षण होते, की ती जिवंतपणी वाटून टाकताच येत नाही, तेच संरक्षण खासगी मिळकतीला नव्हते. ही उणीव कायद्याने पुढे काही अंशी भरून काढली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आईवडिलांना पोटगी मागण्याचा हक्क दिला, १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातून आलेल्या एका प्रकरणात विवाहित मुलीवरही ही जबाबदारी येते असे ठरवले, आणि २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याने सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट मोडल्यास, परत मिळवण्याची वाट उघडली. पोटगीचा हा मार्ग आवश्यक आहे. पण पोटच्या मुलाला अधिकाऱ्यापुढे खेचून मिळवलेल्या पैशाने समाधान लाभलेला म्हातारा विरळाच.

पेन्शनीच्या बाबतीत निर्णायक घटना १७ डिसेंबर १९८२ ची आहे. ३१ मार्च १९७९ पूर्वी निवृत्त झालेल्यांना कमी आणि नंतरच्यांना जास्त, असा भेद सरकारने केला होता. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने नाकारा खटल्यात तो भेद अवैध ठरवला आणि पेन्शन ही मालकाची बक्षिसी नसून केलेल्या सेवेतून निर्माण झालेला हक्क आहे, असे स्पष्ट केले. १८७१ च्या कायद्यातली मेहेरबानीची कल्पना अशा रीतीने १११ वर्षांनी मोडीत निघाली. निवृत्तांच्या संघटना १७ डिसेंबर हा दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतात. त्यांच्या वर्षातली दुसरी ठळक वेळ नोव्हेंबरची. त्या महिन्यात प्रत्येकाला आपण जिवंत असल्याचे कळवावे लागते. हयातीचा दाखला द्यायला काठी टेकत बँकेत आलेल्या माणसांची रांग हा जुना देखावा आहे. २०१४ पासून बोटाच्या ठशावर हा दाखला घरूनही देता येतो, परंतु झिजलेले ठसे यंत्रावर उमटत नाहीत म्हणून, आणि वर्षातून एकदा जुने सहकारी भेटतात म्हणूनही, रांग अजून पूर्णपणे मोडलेली नाही.

१९८० च्या सुमारास ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ, म्हणजे ‘फेस्कॉम’, उभा राहिला आणि गावोगाव बागेतला कट्टा नोंदणीकृत झाला. १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला वसाहतीतील बागेत डॉ. मदन कटारिया यांनी मोजक्या लोकांना घेऊन हास्यक्लब सुरू केला, ज्याचे पुढे जगभर अनुकरण झाले. २०२२ साली एसटीने पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास विनामूल्य केला. लेकीच्या गावी, देवदर्शनाला किंवा तालुक्याच्या दवाखान्यात जायला मुलाकडे पैसे मागावे न लागणे ही गोष्ट ज्यांना कधी मागावे लागले आहेत त्यांनाच नीट कळते. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील पंचेचाळिशीच्या पुढच्या ७२ हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची जी दीर्घकालीन पाहणी आरंभली, तीत उत्पन्न, प्रकृती, कोणासोबत राहणे, लोकांत मिसळणे आणि जगण्याविषयीचे समाधान हे सारे प्रश्न एकत्र विचारले आहेत, हे योग्यच झाले.

दरम्यान हक्काचा पाया मात्र पुन्हा हलला. महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीस लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद करून वर्गणी आणि गुंतवणूक यांवर चालणारी योजना लागू केली. मार्च २०२३ मध्ये शिक्षक, परिचारिका आणि कर्मचारी जुन्या पेन्शनीसाठी संपावर गेले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ठरावीक पेन्शनीची हमी देणारी नवी एकत्रित योजना स्वीकारली. कारखान्यांतील निवृत्तांसाठी १९९५ साली सुरू झालेल्या योजनेत किमान मासिक पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये आहे, आणि ती वाढावी म्हणून बुलढाण्यात २०१८ च्या अखेरीस साखळी उपोषण सुरू झाले. शेतमजूर, घरकामगार स्त्रिया आणि अल्पभूधारक या बिननोकरीच्या माणसांसाठी संजय गांधी निराधार योजना १९८० पासून आणि श्रावणबाळ योजना तिच्या नंतर आली. महिना १,५०० रुपये, आणि त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा तहसीलदाराचा दाखला. सर्वांसाठी सरसकट पेन्शनीची मागणी बाबा आढाव यांनी पुण्याच्या हमाल पंचायतीच्या अनुभवातून पुढे आणली आणि पेन्शन परिषदेमार्फत दिल्लीपर्यंत नेली. केंद्र सरकारने राष्ट्रीय वृद्धापकाळ पेन्शन १५ ऑगस्ट १९९५ रोजी महिना ७५ रुपयांनी सुरू केली; २००७ साली केंद्राचा हिस्सा २०० रुपये होता, आणि साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी त्यानंतर त्यात वाढ झालेली नाही.